ध्यानाला बसायचं कुठं?

आमच्या सोसायटीच्या गच्चीला २०२२ पासून कुलूप आहे. भांडुप पश्चिमेला सात मजल्यांची बिल्डिंग, वर गेलं की एका बाजूला नॅशनल पार्कचे डोंगर आणि लांब पूर्वेला खाडीचा पट्टा, पहाटे पावणेसहाला तिथं वारा असतो आणि आवाज जवळजवळ नसतो. लॉकडाऊनमध्ये आम्ही आठ-नऊ बायका आणि दोन काका सतरंज्या घेऊन वर जायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आयुष्यभर योगवर्ग केलेले, त्या पुढं बसायच्या आणि आम्ही मागं, आधी ओंकार, मग थोडं हात-पाय मोकळे करणं, चार-पाच आसनं, अनुलोम-विलोम, आणि शेवटी दहा मिनिटं नुसतं डोळे मिटून बसणं. दीड वर्ष चाललं. मग एका ३१ डिसेंबरला कुणाच्या तरी पोरांनी वर पार्टी केली, बाटल्या सापडल्या, त्यातच वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आणि कुलूप लागलं ते लागलंच.

आता मी बेडरूममध्ये कपाट आणि पलंग यांच्या मधल्या पट्टीत मॅट टाकते. ती पूर्ण उलगडत नाही, डोक्याकडची फूटभर बाजू गुंडाळलेलीच राहते. ताडासन, वज्रासन, भुजंगासन सगळं कसंबसं होतं, पण शवासनात पाय पसरले की टाचा दाराच्या बाहेर जातात आणि सासूबाईंना बाथरूमला जायचं तर मला ओलांडून जावं लागतं. त्यांना ते बरं वाटत नाही, मलाही नाही, म्हणून दाराची चाहूल लागली की मी उठून बसते. शवासनात चाहूल घेत पडणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

हे सांगायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत योग आणि ध्यानाबद्दल आपण जे काही ऐकतो, वाचतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करतो ते सगळं एकाच सुरात असतं. रोज वीस मिनिटं स्वतःसाठी काढा, मनात आणलं तर होतं, फक्त सुरुवात करा. मी याच्या विरोधात नाही, उलट माझा यावर मनापासून विश्वास आहे, चाळिशीत माझी झोप पूर्ण उडाली होती आणि रोजच्या श्वासाच्या अभ्यासानं ती परत आली, हे माझ्या अंगावरचं आहे, ऐकीव नाही. पण "मनात आणा" हे अर्धंच सांगणं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे जागा आणि वेळ, आणि मुंबईत या दोन्ही गोष्टी एकट्या माणसाच्या हातात नाहीत. म्हणून मला वाटतं रोजच्या आयुष्यात योग आणणं हा माणसाच्या इच्छाशक्तीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, शहराचा प्रश्न आहे आणि तो आपण शहराला विचारतच नाही.

जागेचंच बघा. मुंबईत दर माणशी मोकळी सार्वजनिक जागा साधारण सव्वा चौरस मीटर येते, हा आकडा बरीच वर्षं सगळीकडे सांगितला जातो. आणि साधी योगा मॅट, सहा फूट बाय दोन फूट, तिचं क्षेत्रफळ काढलं तर एक चौरस मीटरच्या थोडंसं वर भरतं. म्हणजे या शहरानं आपल्या प्रत्येकाला बरोबर एक मॅट अंथरण्याइतकी मोकळी जागा ठेवलीय, आणि त्यातच मुलांचं क्रिकेट, म्हाताऱ्यांचं चालणं, झाडं, बाकडी, पार्किंग, मंडप सगळं बसवायचंय. घरातली जागा तर सांगायलाच नको. इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात तीन पिढ्या राहिल्या. अशा घरात पहाटे पाचला दिवा लावला की चार जणांची झोपमोड होते. तिथं राहणाऱ्या बाईला "घरातला एक शांत कोपरा निवडा" म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही, ज्यानं ते लिहिलं त्याच्या घरात निवडायला चार कोपरे होते एवढंच त्यातून कळतं.

आणि ही जागेची गोष्ट मी माझ्या मनाची सांगत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं घालायचं याच्याही आधी ते कुठं घालायचं ते येतं, शुचौ देशे, स्वच्छ जागी. ज्ञानेश्वर माऊलींनी तर त्या दोन शब्दांवर कितीतरी ओव्या खर्च केल्यात, जिथं विसाव्याला बसलं की उठावंसंच वाटू नये अशी जागा, निर्मळ पाणी, सावली, पाखरं, फार वर्दळ नको. आपण ते वर्णन गोड म्हणून वाचतो आणि पुढं जातो. मला ते आता अगदी व्यवहाराचं बोलणं वाटतं, की बाबांनो आधी जागा बघा, मग बाकीचं. सातशे वर्षांपूर्वी सांगणाऱ्याला जागा महत्त्वाची वाटली आणि आज दोन कोटींच्या महानगरात आपण म्हणतो जागेचं काय एवढं, मनात असलं पाहिजे.

माझे वडील लालबागला एका मिलमध्ये होते. १९८२ च्या संपानंतर घरात जे व्हायचं ते झालं, ते सगळ्यांना माहितीय, मी परत सांगत नाही. पण त्या काळात ते दर रविवारी सकाळी जवळच्या म्युनिसिपल शाळेत भरणाऱ्या योगवर्गाला जायचे. फी नाममात्र, पांढरा सदरा-लेंगा, काखेत घडी केलेली चादर. मी लहान होते, कधी कधी बरोबर न्यायचे. वर्गातले बाक भिंतीला लावून ठेवलेले, फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच, फरशीवर चाळीसेक माणसं ओळीत पडलेली आणि शिकवणारे गृहस्थ हळू आवाजात पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव सैल सोडायला सांगतायत. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी बाबांना कधी तसं पडलेलं पाहिलं नव्हतं, तिथं ते पडले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. शाळेच्या त्या फरशीवर ते उताणे, हात-पाय मोकळे टाकून पडायचे आणि त्यांचं पोट वर-खाली होताना मी बघत बसायचे. त्या दोन तासांनी त्यांना नोकरी मिळाली नाही, कर्ज फिटलं नाही. पण आई म्हणायची, रविवारी हा माणूस जेवतो नीट.

ती शाळेची खोली कुणीतरी दिली होती ना? म्हणजे कुठल्यातरी मुख्याध्यापकानं सही केली होती, कुठल्यातरी शिपायानं रविवारची सुट्टी सोडून दार उघडलं होतं. योगाच्या इतिहासात या माणसांची नावं नसतात, पण मुंबईतला सगळा योग अशाच उघडलेल्या दारांमधून आलाय. १९१८ साली योगेंद्रजींनी घरसंसारातल्या माणसांना योग शिकवायला संस्था सुरू केली ती वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात. आज सांताक्रूझला असलेली द योग इन्स्टिट्यूट ती हीच. जंगलात जाऊन बसणाऱ्या साधूंची विद्या त्यांनी नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाच्या हातात दिली आणि त्यांच्या पत्नी सीतादेवींनी ती बायकांपर्यंत नेली, हे त्या काळात केवढं मोठं होतं. कुवलयानंदांनी १९२४ ला लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, आसनं आणि प्राणायाम यंत्रांनी मोजून तपासायला घेतले, आणि पुढं १९३० च्या दशकात मुंबईकरांसाठी मरीन ड्राइव्हला चर्नी रोडजवळ केंद्र झालं, ते आजही तिथंच आहे, समुद्रासमोर. विपश्यना ध्यान शिकवणारे गोएंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले आणि भारतातलं त्यांचं पहिलं विपश्यना शिबिर जुलैमध्ये झालं ते मुंबईतल्या एका धर्मशाळेत, आईवडिलांसकट मूठभर माणसं. तिथून इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं आणि नंतर गोराईचा पॅगोडा, जिथं एका घुमटाखाली, मध्ये एकही खांब नाही अशा सभागृहात आठ हजार माणसं बसू शकतात. आणि हास्यक्लब? तो तर आपल्या मुंबईतच जन्मला, १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत पाच माणसांना घेऊन सुरू केला आणि आज तो जगभर गेलाय. बंगला, धर्मशाळा, बाग, शाळेचा वर्ग. दर वेळी आधी जागा होती.

माइंडफुलनेस हा शब्द आता ऑफिसात, शाळेत, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये सगळीकडे आहे. मूळ पाली शब्द सती, म्हणजे आपला स्मृती, सावध असणं. त्याला माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये वापरला आणि १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात दुखण्यानं त्रासलेल्या पेशंटसाठी त्याचा कोर्स बांधला. त्या कोर्सला मी नावं ठेवणार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत २७६ चिंताग्रस्त पेशंटवर चाचणी झाली, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना हा कोर्स, आणि दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. पण त्या कोर्समध्ये काय होतं तेही बघा ना. दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, रोज घरी ४५ मिनिटं सराव, आणि एक अख्खा दिवस मौनाचं शिबिर. ज्या ध्यानाचा गुण आला त्याला एवढा वेळ आणि एवढी शांत जागा लागली होती. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची पाच मिनिटांची गोळी झाली, की लिफ्टची वाट बघताना तीन श्वास घ्या आणि झालं.

माझ्या ऑफिसात हेच झालं. मी फोर्टात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मार्च एंडिंग चालू होतं, दोन जणी आधीच सोडून गेलेल्या, त्यांच्या जागी कुणी घेतलेलं नाही, आणि अशात मेल आला की स्ट्रेस कमी करण्यासाठी ध्यानाचं सेशन आहे, एक ते दोन, कॉन्फरन्स रूममध्ये, सगळ्यांनी यायचं. म्हणजे डब्याच्या वेळेत. शिकवायला आलेली मुलगी खरंच चांगली होती, मनापासून शिकवत होती, पण माझ्या शेजारची बाई डोळे मिटून बसली आणि तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, कारण कित्येक दिवसांनी ती पहिल्यांदा गप्प बसली होती. दोन वाजता सगळे उठले आणि सीटवर गेले. डबे राहिले ते राहिले. त्या दिवशी आम्ही दोघी साडेआठला निघालो. मी कंपनीला वाईट म्हणत नाही, कुणीतरी चांगल्या हेतूनंच केलं असणार, पण दोन माणसांचं काम एका माणसावर टाकायचं आणि वर त्याला श्वास शिकवायचा यात चूक श्वासाची नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कामगारांची माहिती तपासली, २०२४ मध्ये ती छापून आली. कंपनीनं दिलेले ध्यानाचे, अ‍ॅपचे, मन कणखर करण्याचे कार्यक्रम घेणारे कामगार ते न घेणाऱ्यांपेक्षा काही बरे नव्हते. मला यात आश्चर्य वाटलं नाही. योग माणसाला स्थिर करतो, पण तो अन्याय सोसायचं औषध म्हणून वापरायला लागलो तर आपण योगाचाच अपमान करतोय. कंपनीला खरंच वाटत असेल तर तिनं स्वतःच्या वेळेतली वीस मिनिटं द्यावीत, डब्याच्या वेळेतली नाही, आणि रिकाम्या जागा भराव्यात.

आता यावर एक म्हणणं नेहमी येतं आणि ते मी हलक्यात घेत नाही, कारण मी स्वतःही ते जगते. लोक म्हणतात, अगं ध्यानाला जागा कशाला लागते, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या करता येतं. येतंच! मी भांडुपहून सकाळची स्लो पकडते, घाटकोपरपर्यंत चौथी सीट सुद्धा मिळत नाही. वरच्या कडीला हात, पर्स पोटाशी, समोरच्या बाईच्या गजऱ्याचा वास, मागून कुणाच्या तरी बॅगेचं बकल पाठीत. अशात मी नजर एका जागी ठेवते, श्वास नाकाच्या टोकाशी येतो-जातो तिकडं लक्ष देते, कुर्ल्याला लोंढा आला की सुटतं, सायनला परत धरते. आणि आपल्या लोकलमधली भजनी मंडळं, टाळ-चिपळ्या घेऊन वर्षानुवर्षं त्याच डब्यात त्याच जागी उभी राहणारी माणसं, तेही ध्यानच आहे, मला त्यात शंका नाही, एका अभंगात आख्खा डबा शांत होतो.

पण हे जमतं कुणाला? ज्यानं ते आधी कुठंतरी शांत बसून शिकलंय त्याला. मला ट्रेनमध्ये श्वास सापडतो कारण गच्चीवर दीड वर्ष तो रोज सापडला होता, काकूंचा आवाज अजून कानात आहे म्हणून सापडतो. भजनी मंडळातल्या माणसांनी आधी गावच्या देवळात, चाळीच्या खोलीत टाळ धरलेला असतो, मग तो ट्रेनमध्ये आला. पोहायला शिकणाऱ्याला आपण पहिल्या दिवशी चौपाटीवरून आत ढकलत नाही. गर्दीत टिकणारं मन हवं असेल तर ते आधी शांततेत तयार व्हावं लागतं, आणि आपण ज्यांना कधी शांत जागा दिलीच नाही त्यांना म्हणतोय गर्दीत करा. पतंजलींनी अभ्यास कशानं पक्का होतो ते एका सूत्रात सांगितलंय, दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं. यातलं "खंड न पडता" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २१ जूनला, योग दिनाला, सगळीकडे कार्यक्रम होतात, २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १७७ देशांनी मिळून त्या दिवसाचा ठराव मांडला याचा मलाही अभिमान आहे, फोटो बघून छान वाटतं. पण २२ जूनला त्याच माणसांनी कुठं जायचं? आणि जून म्हणजे आपल्याकडे पावसाळा. चार महिने मैदानात चिखल असतो, बागेतल्या लादीवर शेवाळ. मुंबईत वर्षभर रोज योग करायचा तर डोक्यावर छप्पर लागतं, हे इथं राहणाऱ्या कुणालाही कळेल.

वेळेचं तर बायकांना विचारा. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. ज्या वेळेला सगळे ध्यानाची उत्तम वेळ म्हणतात, ब्राह्ममुहूर्त वगैरे, त्याच वेळेला बाई पिंप भरत असते, एका शेगडीवर दूध, एकीवर कुकर, तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा म्हणून कान तिकडं. सरकारची २०१९ ची वेळ-वापराची पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. २०२४ ला परत पाहणी झाली तेव्हा बायकांची २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं. मी तो आकडा वाचला तेव्हा बराच वेळ तिथंच थांबले, कारण गच्चीवर आम्ही शेवटी डोळे मिटून बसायचो ती बरोबर दहा मिनिटंच असायची. आणि पुरुषांची ९७ ची ८८ झाली, म्हणजे बाईची ही दहा मिनिटं नवऱ्यानं उचललेली नाहीत, मिक्सर-वॉशिंग मशीननं वाचवली असतील तर असतील. घरातल्या पुरुषांना मी एवढंच सांगेन, तुमची बायको, आई, वहिनी योग करत नाही म्हणून तिला व्हिडिओ पाठवू नका. सकाळी पाणी भरा. डबे भरा. ती अर्धा तास आपोआप बसेल. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी पाणी आणि दूध हे दोन्ही स्वतःकडे घेतलं, मोठी चर्चा झाली नाही, एक दिवस तो उठला आणि करायला लागला, आणि माझा सराव सुरू राहिला तो त्यामुळं, माझ्या निग्रहामुळं नाही.

आवाजाबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. कायद्यानं राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा २००० सालच्या नियमांपासून आहे. रीडेव्हलपमेंटच्या ब्रेकरशेजारी राहणाऱ्यांनी ती कधी अनुभवलीय? २०१९-२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर असा प्रयोग केला होता की हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून मोजायचे. लोकांना तो आवडला, चर्चा झाली, आणि विषय मागं पडला. शांतता ही सुद्धा पाण्यासारखी पुरवायची गोष्ट आहे असं ज्या दिवशी आपण मानू त्या दिवशी निम्म्या मुंबईला ध्यान शिकवायची गरजच पडणार नाही.

मग करायचं काय, तर माझ्या मते नवीन काही बांधायची गरज नाही. म्युनिसिपल शाळा प्रत्येक वॉर्डात आहेत आणि पहाटे साडेपाच ते सात त्या रिकाम्या असतात. हॉल उघडा, दिवे लावा, पंखे चालू ठेवा, शिपायाला त्या दीड तासाचा वेगळा पगार द्या, त्याच्या झोपेवर आमचा योग नको. पालिकेनं २०२२ पासून शिव योग केंद्रं सुरू केलीत, लोकांचा गट जमला की शिकवणारा पालिका देते, ही मला या शहरात झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक वाटते आणि ती आणखी वाढावी, त्यासाठी आपण नागरिकांनी जाऊन मागणी करावी लागेल, मागितल्याशिवाय हॉल मिळत नाही. संध्याकाळचाही वर्ग हवा, रात्री आठनंतरचा, कारण डिलिव्हरीची पोरं, वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या मावशी यांची सकाळ आपल्यासारखी नसते आणि शरीर सगळ्यात जास्त दमतं ते त्यांचं. यांना परवडेल असा एकही योग स्टुडिओ माझ्या माहितीत नाही, एसी, लाकडी फरशी, महिन्याची फी हजारात. स्टुडिओ असू देत, ज्याला जमतं त्यानं जावं, पण जी विद्या योगेंद्रजींनी साधूंकडून काढून संसारी माणसाला दिली ती परत ऐपत असलेल्यांच्याच खोलीत जाऊन बसू नये.

आणि सक्ती नको. २०१६ मध्ये पालिकेच्या सभागृहात शाळांमध्ये सूर्यनमस्कार आणि योग सक्तीचे करायचा ठराव मंजूर झाला तेव्हा केवढा वाद झाला होता. मी स्वतः रोज बारा सूर्यनमस्कार घालते, तरी मी त्या सक्तीच्या विरोधात होते. ज्याला ओंकार म्हणायचा नाही त्यानं नुसता श्वास बघावा, ज्याला श्वासही बघायचा नाही त्यानं हॉलच्या कोपऱ्यात गप्प बसावं. सक्तीनं पोरांच्या मनात योगाबद्दल कायमची अढी बसते. ब्रिटनमध्ये ८४ शाळांमधल्या आठ हजारांवर मुलांना वर्गात माइंडफुलनेस शिकवून बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. मुलांना आधी खेळायला मैदान द्या, घाम गाळून घरी आलेलं पोर आपोआप शांत झोपतं.

एक काळजीचं बोलणं इथंच बोलून टाकते. मोबाईलवर बघून कपालभाती जोरजोरात करणारे खूप दिसतात, बीपी असेल, हर्निया असेल, गरोदरपण असेल तर ते करू नये, शिकवणारं माणूस समोर असलं की हे पहिल्या दिवशी विचारतं, स्क्रीन विचारत नाही. आणि ज्याचं मन फारच खचलंय, जगणंच नको वाटतंय, त्याला ध्यानाला बसवू नका, कधी कधी डोळे मिटल्यावर आतलं सगळं अंगावर येतं. त्याला डॉक्टरकडे न्या, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथं फोन लावून द्या आणि शेजारी बसून राहा. योग नंतर करता येईल.

गच्चीसाठी आम्ही अर्ज दिलाय. तेवीस जणांच्या सह्या आहेत, त्यात ज्यांच्या पोरांनी पार्टी केली होती त्या घराचीही आहे. सेक्रेटरींचं म्हणणं मला समजतं, वर काही झालं तर जबाबदार तेच, गळती झाली तर सातव्या मजल्यावरचे त्यांच्याच दारात येणार. म्हणून अर्जात सगळं लिहिलंय, किल्ली वॉचमनकडे, साडेपाच ते साडेसात, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ, टाकीच्या जिन्याला वेगळं कुलूप, स्पीकर नाही, चपला खाली, लहान मुलांबरोबर मोठं माणूस. पावसाळ्यात टाकीखालचा जो भाग शेडमध्ये आहे तेवढाच वापरायचा, तिथं नऊ मॅट बसतात, मी मोजून आलेय. रविवारी जनरल बॉडी आहे, विषय सातवा. काकूंना आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण परवा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, किल्ली मिळू दे फक्त, तुझ्या नवऱ्याला सांग माझी खुर्ची वर ठेवून यायला, शिकवायला काय, खुर्चीवरनंही होतं.